पासपोर्टावरचा शेंदूर

मला लिहायला येत न्हाई. सही तेवढी येती, ती बी दर खेपंला येगळी. म्हणून हे मी फोनमधी बोललोय. देवीला फसवायला गेलेला माणूस कुणी पाहिला नसंल, तर त्यानं माज्याकडं बघावं. ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितलेली न्हाई, आन् सांगितल्याबिगर आता करमत बी न्हाई.

मुठा खोऱ्यात आमचं गाव. थोडी भातशेती, दोन म्हशी, आन् पुण्याच्या एका डॉक्टरच्या बंगल्याची राखण, येवढा माजा पसारा. येकच लेक, सुवर्णा. जावईबापू पयले हिंजवडीत कंपनीत व्हते, तितनं त्यांना जर्मनीला धाडलं, तशी ती बी गेली. लगीन होऊन सहा वर्सं झाली, पर दोन डाव पोटातलं पोटातच गेलं. ह्या तिसऱ्या येळंला तितल्या डॉक्टरनं तिला खाटंवरनं उतरू नको म्हणून सांगितलं. सासू तिला न्हाई, जावईबापू दिवसभर कामावर. भादव्यात येक दिवस तिचा फोन आला. म्हणली, "आई, तू ये. मला लई भ्या वाटतंय."

नीट ऐका. ती आई म्हणली. आई-अण्णा दोघं या, असं न्हाई म्हणली. पर फोन माज्या हातात व्हता आन् माज्या कानाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. मी म्हणलं, आमी दोघं येतुया. पोर म्हणली, बरं. जावईबापूंनी कागद धाडले, पौडच्या झेरॉक्सच्या दुकानात आमी ते काढले, आमचे पासपोर्ट बी झाले. मग व्हिसाच्या ऑफिसाची तारीख मिळाली, दसऱ्याच्या आधीची. आन् तारीख मिळाली त्याच हप्त्यात मी फाट्यावर फ्लेक्स लावला. माजा फोटू, डोक्याला फेटा, माग्नं इमान, आन् खाली परदेश दौऱ्याबद्दल हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक म्हणून समस्त ग्रामस्थ लिवलं व्हतं, पर ग्रामस्थांना इचारलं कुणी न्हवतं. कारभारणीचा फोटू टाकायचा राहून गेला. म्हंजी राहून गेला असं मी तिला सांगितलं. त्या दिवसापास्नं गावानं माजं नावच जर्मनी पाडलं. पारावर गेलो की कुणीतरी इचारायचं, "काय जर्मनी, शेण काढून झालं का?"

आमच्या गावात कायबी मोठं करायचं झालं तर वाघजाईला कौल लावायची रीत हाय. देवीच्या उजव्या आन् डाव्या अंगाला ओल्या शेंदरावर येकयेक फूल चिकटवायचं, मनातलं बोलायचं, आन् वाट बघायची. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. व्हिसाच्या आदल्या दिशी सकाळीच आमी दोघं देवळात गेलो. दोन्ही पासपोर्ट देवीच्या पायाशी ठिवले. माजा उघडा, कारभारणीचा दुधाच्या पिशवीत गुंडाळून गाठ मारलेला. तिला ती खोडच हाय. रेशनकार्ड म्हणू नका, गोळ्या म्हणू नका, सगळं दुधाच्या पिशवीत. मी तिला म्हणलं, अगं देवीला तरी दिसूदे काय हाय ते. ती म्हणली, देवीला पिशवीतनं बी दिसतं.

गुरवमामानं फुलं लावली. मी मनात म्हणलं, आई, आमी दोघं जाऊ का? डावं पडलं. मामा म्हणले, परत लावू, कदी कदी वाऱ्यानं पडतं. परत लावलं. परत डावं. वारा तर न्हवताच, पान हालत न्हवतं. मामांना बाहेरनं कुणाचीतरी हाक आली आन् ते उठून गेले. कारभारीण माग्नं डोळं मिटून बसली व्हती. माज्या डोळ्यापुढं फाट्यावरचा फ्लेक्स आला. मी सोताच उठलो. डावं फूल अंगठ्यानं शेंदरात असं दाबलं की पुढच्या दसऱ्याला बी निघालं नसतं. आन् उजवं नुसतं टेकवलं. मी हात काढायच्या आधीच ते खाली आलं. मी जोरात म्हणलं, दिला गं आईनं कौल.

आता माजा अंगठा शेंदरानं न् तेलानं चिंब झाल्ता. वाया कशाला घालवायचा? पासपोर्टातल्या माज्या फोटूच्या कपाळाला मी झ्याक टिळा लावला, वरनं जरा दाबला बी, आन् वही मिटावी तसा पासपोर्ट मिटून खिशात घातला. नवा ट्रॅक्टर आला तरी आपण लावतोच की. कारभारणीच्या फोटूला बी लावायला गेलो, पर तिच्या पिशवीची गाठ काय सुटंना. दात लावून बघितले. शेवटी नाद सोडला.

दुसऱ्या दिशी सकाळची यष्टी धरून पुण्याला गेलो. ऑफिस लई गार व्हतं आन् लोकं हळू बोलत व्हती. खिडकीतल्या पोरीनं आधी कारभारणीचा पासपोर्ट मागितला. तिनं कमरंची पिशवी काढली आन् येका झटक्यात गाठ सोडली. तो बघून झाला, कागद बी नीट व्हते. मग माजा उघडला. तेल आरपार चार पानं मुरलं व्हतं. फोटूतलं माजं डोकं भुवयापास्नं वर शेंदरी गोळा झाल्तं. पोरगी म्हणली, "काका, हे काय झालंय?" मी हासून सांगितलं, देवीचा शेंदूर हाय, चांगला असतो. मला खरंच वाटत व्हतं की हे बघून त्येंचा सायब लगीच शिक्का मारील. तिनं सायबाला बोलावलं. सायब भला माणूस, पर त्यानं साफ सांगितलं, हा पासपोर्ट खराब झालाय, नवा काढा, मग परत तारीख घ्या. म्हंजी दोन महिनं तरी गेले. लेकीचे दिवस त्याच्या आत भरत व्हते. काकूंची फाईल आजच देता येईल, असं बी ते म्हणले.

मी काय बोललो ते सांगायला आज जीभ अडखळती. मी म्हणलं, दोघं जाणार न्हाईतर कुणीच न्हाई. ती येकली जाऊ शकत न्हाई. तिला वाचायला येत न्हाई. जसं काय मीच मोठा वाचणारा व्हतो. सायब म्हणले, बाहेर बसा, ठरवा, तासाभरात सांगा.

आमी बाकड्यावर बसलो. कारभारीण पदरानं सोताचा पासपोर्ट पुसत बसली, जो आधीच चकचकीत व्हता. मी मातर बोलत व्हतो. ऑफिसाला बोललो, जावयाला बोललो, त्या पोरीला बोललो, शेवटी देवीला बी बोललो, की कौल देतीस आन् आडवं बी तूच घालतीस. हे बोलताना आतनं कायतरी टोचलं. तिनं कुटं दिला व्हता कौल? तिनं तर दोनदा न्हाई म्हणलं व्हतं. घाम फुटला, येवढ्या गारठ्यात. माज्या फ्लेक्सपायी लेकीची आई लेकीजवळ नसणार, हे तवा मला नीट कळलं. आन् ह्या डावाला बी काय झालं तर? त्याच्या फुडं मला इचार करवंना. मनात म्हणलं, आई, मला नगं नेऊ कुटं. हिला तेवढी पोच. कशी पोचवायची ते तुजं तू बघ, मला काय सुदरत न्हाई.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला येक बाई बसल्या व्हत्या. साठीच्या असतील, सुती लुगडं, हातात आमच्यासारखीच फाईल. त्यांनी हात फुडं केला, म्हणल्या, बघू. मी पासपोर्ट दिला. सकाळपास्नं जो तो त्याच्याकडं घाण लागल्यासारखं बघत व्हता. त्या बाईंनी पान उघडलं, जरा येळ बघितलं, मग त्या डागाला बोट लावलं आन् ते बोट सोताच्या कपाळाला टेकवलं. हात जोडले. म्हणल्या, "कुठली देवी?"

मी म्हणलं, "वाघजाई."

त्या म्हणल्या, "दादा, देवीनं तुम्हाला थांबवलंय. यांना नाही थांबवलं."

येवढंच. मला तर कुणी डोक्यावरनं गार पाण्याची घागर वतल्यासारखं झालं. त्या भोर तालुक्यातल्या, अंगणवाडीत सेविका व्हत्या, आता घरी. मुलगा त्याच देशात, माज्या लेकीच्या गावापास्नं आगगाडीनं तासाभरावर. त्या बी पयल्यांदाच चालल्या व्हत्या, आन् येकल्याच. कारभारणीनं त्यांच्याकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं. मी म्हणलं, "जा तू." ती उठली आन् खिडकीकडं गेली. चाळीस वर्सात ती येकली कुटल्या खिडकीफुडं उभी राहिली नसंल. पोरीनं इचारलं, कशासाठी जाताय? कारभारीण म्हणली, "लेकीचं बाळंतपण हाय. मी गेले न्हाई तर तिला शेक कोण देणार?" ती पोरगी हासली, आन् कागद घेतले. बोटांचे ठसे काय लवकर उठंनात, भात लावून लावून घासलेली बोटं ती. तिसऱ्या खेपंला उठले.

दोघींचा व्हिसा दोन दिवसांच्या फरकानं आला. जावईबापू आन् त्या ताईंचा मुलगा आपसात बोलले, तिकिटं येकाच इमानाची काढली. मी मुंबईला इमानतळावर सोडायला गेलो. डिंक, हळीव, सुंठ, सगळं दुधाच्या पिशव्यात. दोघी हात धरून आत गेल्या, शाळंत चाललेल्या पोरीगत. कारभारणीनं माग वळून बघितलं बी न्हाई. मीच येडा काचंला नाक लावून उभा.

ती पोचली आन् नवव्या दिशी, डॉक्टरनं सांगितलेल्या दिवसाच्या तीन आठवडं आधी, सुवर्णाला कळा सुरू झाल्या. जावईबापू कामावर व्हते. कारभारणीनं शेजारच्या गोऱ्या बाईचं दार वाजवलं आन् हातवाऱ्यानं तिला गाडी काढायला लावली. नात झाली. लहान व्हती, पेटीत ठिवली, पर रडली जोरात. लेक बी सुखरूप. मी नव्या पासपोर्टाची वाट बघत बसलो असतो आन् तिला बी बसवलं असतं, तर त्या दिवशी घरात माजी पोर येकली असती. ह्याच्यावर मी लई इचार करत न्हाई. केला की उठून म्हशीकडं जातो.

हिकडं माजी काय गंमत झाली ते बी ऐका. कापणीला आलेलं भात मी भावावर टाकून जाणार व्हतो. आता सोताच कापलं. भारे खाचरात पडलेले आन् दुपारी आभाळ भरून आलं. घरात ताडपत्री न्हाई. पळत फाट्यावर गेलो, फ्लेक्स उतरवला आन् भाऱ्यांवर टाकला. रस्त्यानं जाणारी लोकं थांबून बघायची, वर फेट्यातलं माजं तोंड, खाली भात, आन् धो धो पाऊस. भावानं फोटू काढून जर्मनीला धाडला. आख्ख्या आयुष्यात माजं तोंड तेवढं येकदाच कामाला आलं.

त्या ताईंना मी नंतर फोन केला. म्हणलं, तुमचे उपकार कसे फेडू. त्या हासल्या. म्हणल्या, "अहो दादा, मलाच एकटीला जायची भीती होती. त्या दिवशी घरातनं निघताना मी हात जोडून म्हटलं होतं, कुणीतरी सोबतीला दे." मी फोन ठिवला आन् गोठ्यात जाऊन बसलो. म्हैस माज्याकडं बघत व्हती. मी सारखा समजत व्हतो की माज्यासाठी कायतरी घडलं. त्या बाकड्यावर दोन टोकाला दोघंजण आपापलं मागणं घिऊन बसले व्हते, आन् देणारीनं येकाच्या हातातलं दुसऱ्याला दिलं.

परवा फोनवर कारभारणीनं नात दाखवली. मुठी आवळून झोपली व्हती. मग मला राहवलं न्हाई, मी तिला कबूल केलं की तिसऱ्या खेपंचा कौल देवीचा न्हवता, माजा व्हता. वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणली, "मला म्हाईत हाय. मी डोळं उघडून बसले व्हते."

म्हणलं, मग तवाच बोलली का न्हाईस?

"तुमाला काय बोलायचं? मी देवीला बोलले. म्हणलं, ह्यांचं मनावर घेऊ नगंस, पर ऐकू बी नगंस."

आता मी कौल लावत न्हाई. देवळात जातो, पायरीवर बसतो, गुरवमामा इचारतात काय मागायचंय, मी म्हणतो काय न्हाई, बसायला आलोय. ती देती ते बरोबरच असतं, मी मदी अंगठा घातला न्हाई म्हंजी झालं. शेंदराचा जुना पासपोर्ट देव्हाऱ्यात ठिवलाय. नवा बी आलाय. नातीला बघायला जायचं का न्हाई, कदी जायचं, ते देवीच ठरवील. तोवर तो दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठिवलाय, आन् गाठ मला सुटणार न्हाई येवढी घट्ट मारलीया.