बाजारातून उचललेला आवाज

मला विचारतात, तुझी स्टाइल आली कुठून? पुण्या-मुंबईची पोरं माईक पुढे धरून विचारतात, आणि मी मान जराशी तिरपी करून सांगतो, आमच्या भंडाऱ्याच्या मातीतून. टाळ्या पडतात. माती म्हटलं की लोकांना बरं वाटतं. मातीचं एक बरं असतं, ती येऊन म्हणत नाही की बाबा, हे माझं आहे, परत दे.

माझी स्टाइल आली सानगडीच्या आठवडी बाजारात मासोळ्या विकणाऱ्या एका बाईच्या तोंडातून. ती माझ्या दोस्ताची आई. मी तिला मावशी म्हणतो. हे मी आजवर एकाही मुलाखतीत सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं, ते ऐका.

आमचं गाव सानगडीपासून सायकलच्या अंतरावर. आमच्या घरी धानाची शेती, दोस्ताचं घर ढिवरांचं, तलावात जाळं टाकणाऱ्यांचं. हातात मोबाईल आला तसं दोघांना एकच येड लागलं, रॅपचं. तो मोबाईलवर बीट बनवायचा, मी लिहायचो. लिहायचो हिंदीत. गल्ली, खोली, पोलीस, नशा, गोळी. अरे, आमच्या गावात पोलीस यायचा तो गणपती विसर्जनाला, आणि नशा म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा. पण मी माईकवर असा तोरा दाखवायचो की जसे माझे दोन-चार दोस्त गोळ्या खाऊन मेलेच आहेत. टोपी उलटी, गळ्यात शहापूरला हायवेवरच्या दुकानातून घेतलेली साखळी. घामाने त्या साखळीचा रंग उतरून मानेवर हिरवा पट्टा उमटला होता.

नागपूरला एक स्पर्धा होती. आम्ही गेलो. अर्ध्या गाण्यातच जजने हात वर करून बीट थांबवली आणि विचारलं, भंडारा जिल्ह्यातून आलात ना? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, तिकडे गोळ्या कोणावर झाडतात रे, बगळ्यांवर? अख्खा हॉल हसला. मीही हसलो, कारण न हसून करतो काय.

परतीच्या बसमध्ये दोस्त म्हणाला, "आपण खोटं बोलून राहिलो बे. जे पाह्यलं नाई ते कायले सांगतो?" हे तो सहा महिन्यांपासून सांगत होता. मला राग जजचा नाही आला, याचाच आला. माणूस बरोबर बोलला की माझं डोकं फिरतं, ही माझी जुनी खोड आहे.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी मावशीच्या मागे पोत्यावर जाऊन बसलो. लहानपणापासून तिथे बसत आलो होतो, पण कान देऊन ऐकलं ते त्या दिवशी. मावशी पायाखाली विळी दाबून बसायची. खवले काढताना तिचे शब्द भरभर निघायचे, हाताच्या खरखरीबरोबर. मग ती मासोळीची मान धारेवर ठेवायची आणि तोंड बंद करायची. समोरची सगळी गिऱ्हाइकं गप्प होऊन तिच्याकडे पाहायची. डोकं कचकन उडालं की शेवटचे दोन-तीन शब्द सुटायचे, आणि ते नेमके कोणाच्या तरी वर्मी लागायचे.

"काट्याले भेते त्यानं वांगे खावे, जिभेले चव त्यानं... इकडे यावे."

नाकाला पदर लावून भाव करणारी एखादी निघून गेली, की तिच्या पाठीवर,

"नाक दाबून आली, भाव पाडून गेली, घरी रस्सा पांचट झाला, मासोळीची... चूक झाली."

लोक हसायचे आणि हसता हसता पिशवी पुढे करायचे. ती ओरडूनच विकायची. तिच्या दोन्ही बाजूंना त्याच तलावातल्या, तशाच मासोळ्या घेऊन बाया बसलेल्या असायच्या, पण गर्दी हिच्यासमोर. दम कुठे तोडायचा, कुठे शब्द गिळायचा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मासोळी मोठी तर ओळ लांब, बारीक मासोळ्या आल्या की ओळी आखूड. मुंबईच्या पोराचा दम त्याच्या लोकलच्या खडखडाटावर तुटतो, आमचा सानगडीच्या विळीवर. आज लोक ज्याला माझा पॉज म्हणतात, शेवटच्या शब्दाआधीचा, ज्याच्यावर पोरं रील बनवतात, तो मासोळीचं डोकं तुटायचा वेळ आहे. दुसरं काही नाही.

मी दोस्ताला म्हटलं, आपल्याला सापडलं. तो खुशीत आला. त्याने त्याच विळीचा आवाज मोबाईलवर घेतला आणि त्यातून बीट बांधली. इतकी चांगली बीट त्याने आधी बांधली नव्हती, नंतर तर बांधलीच नाही. बीट देताना त्याने एकच गोष्ट मागितली.

"तिच्या बोलण्याचं गाणं करून राहिला, तर मायले एकदा विचार."

मी म्हटलं, विचारतो. दोन दिवसांनी म्हटलं, विचारलं, हसली. मी विचारलं नव्हतं.

मनाची समजूत मी अशी घातली. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे केले की झडत्या म्हणतात. यमक जुळवून भर गावात एकमेकांची इज्जत काढायची, सरपंचाची, जावयाची, कोणाचीही. ज्याच्यावर झडती पडली त्याने हसायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या घरी चहा प्यायचा. एका पोळ्याला मावशीच्या तागडीवर कोणीतरी झडती टाकली, तर तिने बायांच्या घोळक्यातून तिथल्या तिथे अशी उलटी झडती हाणली की टाकणाऱ्याने कानाला हात लावले. म्हणजे मावशीच्या मनाला काही लागत नाही, असं मी ठरवून टाकलं. पोळा फुटला, बैल घरी गेले, की झडती संपते. मोबाईलमधला पोळा फुटत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, बाप्पा. खोटं कायले बोलू?

दोन कडवी झाली. तिसऱ्यात दम नव्हता. तिथे झणझणीत काहीतरी हवं होतं, आणि माझ्याकडे ते होतं.

लहानपणी मी दोस्ताच्या घरी लपून जेवायचो. माझ्या आईला ते चालत नव्हतं, आणि मावशीला हे माहीत होतं. मला वाढायच्या आधी ती अंगणात जायची, अर्धं लिंबू घेऊन हातांना घासायची, मग साबण, मग पुन्हा लिंबू. विळीने चिरलेल्या बोटांना ते झोंबायचं आणि ती दातांतून श्वास ओढायची. मग हात हुंगून पाहायची आणि भात वाढायची. स्वतःच्या पोराला वाढताना तिने कधी लिंबू घेतलं नाही. ते माझ्यासाठी होतं, मोठ्या घरच्या पोराला वास येऊ नये म्हणून.

मी लिहिलं:

"लिंबू घासते, साबण घासते, हात हुंगून दारात बसते, पाव्हणा आला मोठ्या घरचा, वास लपवाले... खोटं हसते."

आणि त्याच्याखाली हूक, परत परत येणारी ओळ: घास मावशी घास. नाकातून, तिच्या आवाजात, तिच्या बोलण्यात सारख्या येणाऱ्या "काय व"सकट. रेकॉर्ड करताना मी एकटा होतो आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मासोळीवाली कोणती, हे गाण्यात सांगितलं नव्हतं. सानगडीच्या बाजारात ते सांगायची गरजही नव्हती.

गाणं चाललं. कसं चाललं ते सांगत बसत नाही. ज्या जजने बगळे काढले होते, त्याने ते स्वतःच्या पेजवर टाकलं आणि वर लिहिलं, खरा आवाज.

दोस्त दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात आला. बसला नाही.

"मायले विचारलं म्हणे तू."

"विचारलं ना."

"अन् ते लिंबाचं, ते बी विचारलं?"

मी म्हटलं, "अबे, झडती समज. पोळ्याले तूच हसते ना?"

तो म्हणाला, "पोळ्याले तू तिच्यासमोर उभा रायते. ती उलटून बोलू शकते."

एवढं बोलून तो गेला. बीट त्याची होती, पण त्याने नाव लावून मागितलं नाही, गाणं काढायलाही सांगितलं नाही. नंतर वरठीच्या कारखान्यात लागला. पाळी सुटते तेव्हा मोटरसायकलींच्या घोळक्यात कधी दिसतो. मी हात करतो, तो समोर पाहून गाडी चालवतो.

बाजारात काय झालं ते मला माझ्या आईने सांगितलं, पोळी वाढता वाढता. पोट्टे मावशीच्या दुकानासमोर उभे राहतात, मोबाईल काढतात आणि म्हणतात, मावशी, ते म्हण ना. मावशीने तोंड उघडलं की सगळे मिळून, घास मावशी घास. एकाने तिने अंथरलेल्या प्लास्टिकवर, मासोळ्यांच्या बाजूला, लिंबू आणून ठेवलं. पुढच्या बाजारी पाच-सहा जणांनी ठेवली. त्या दिवसापासून ती ओरडत नाही, आई म्हणाली. खाली मान घालून कापते.

"बरं झालं," आई म्हणाली, "लय तोंड चाले तिचं."

मी पुढची पोळी घेतली. मला राग आला होता का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. तसं काही आठवत नाही. किती जणांनी शेअर केलं ते पाहत मी जेवलो, हे आठवतं.

मावशीचं ओरडणं बंद झालं तशी गर्दी बाजूच्या बायांकडे सरकली. मासोळ्या त्याच, तलाव तोच. घरी न्यायची टोपली पहिल्यांदा अर्धी भरलेली राहू लागली, मग जवळजवळ सगळीच. मासोळी काही उद्यासाठी ठेवता येत नाही. हे सगळं माझ्या कानावर येत होतं आणि मी गावोगावी शो करत होतो, तिच्या आवाजात.

वर्ष होत आलं तेव्हा मी सानगडीला गेलो. माफी मागायला गेलो असं मी स्वतःला सांगितलं होतं. वाक्यंही जुळवून ठेवली होती, चांगली वाक्यं, त्यातसुद्धा पॉज होते. मावशी तिथेच बसली होती. समोर रोहूचा ढीग तसाच, वर माश्या. तिने मला पाहिलं आणि पोतं थोडं मागे सरकवलं.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो. म्हटलं, "मावशी, माया हातून..."

"ओरड," ती म्हणाली.

मला समजलं नाही. तिने एक मासोळी उचलली, खवले काढायला लागली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी तोंड उघडलं का पोट्टे मोबाईल काढते. तू उघडलं का गिऱ्हाईक येते. माफीचं नोको सांगू, ते मले विकता येत नाई. ओरड."

मी ओरडलो. काट्याले भेते त्यानं वांगे खावे. पहिल्यांदा आवाज बसकाच निघाला. दुसऱ्यांदा दोन माणसं वळली. तिसऱ्यांदा कोणीतरी मला ओळखलं, अबे, हा तोच होय, आणि मग काय, माणसावर माणूस. मी खरखरीवर शब्द सोडत होतो. ती मान धारेवर ठेवायची, मी थांबायचो. डोकं उडायचं, मी शेवटचा शब्द टाकायचो. एकदाही चुकलो नाही. इतकी पक्की साथ मला कोणत्याही स्टेजवर मिळाली नव्हती. खरं सांगू? मला मजा आली. लोक पिशव्या पुढे करत होते, मावशी तोलत होती, कापत होती, आणि मी तिच्या मागे उभा राहून तिचाच आवाज विकत होतो.

मग गर्दीतून एकजण म्हणाला, "ते म्हण ना गा, लिंबाचं."

मी मावशीकडे पाहिलं. तिची मान खाली होती. हात थांबला नव्हता. ती नाही म्हणाली नाही. ढिगात अजून बऱ्याच मासोळ्या होत्या.

मी म्हटलं ते. सगळं कडवं म्हटलं, हूकसकट. लोकांनी साथ धरली. मावशी कापत राहिली आणि नेमक्या जागी विळी थांबवत राहिली, माझा शब्द पडेपर्यंत.

सूर्य कलायच्या आत सगळं विकलं गेलं. तिने विळी धुतली, प्लास्टिक झटकून घडी केली, टोपलीत टाकलं. मी वाट पाहत होतो की ती काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी मला चाललं असतं, कदाचित मी त्यासाठीच आलो होतो.

"पुढच्या बाजारी येशीन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "पुण्याले शो आहे मावशी."

तिने मान हलवली. रागाने नाही, पाऊस येणार आहे म्हटल्यावर हलवतात तशी.

"मंग मासोळ्या कमीच आणा लागन," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

मी पुण्याचा शो रद्द केला नाही.