सुतारकाकांच्या हातातली फळी

सुतारकाकांचा हात लाकडावर जितका सफाईने चालायचा, तितकीच त्यांची जीभ शिकलेल्या माणसांपुढे अडखळायची. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं केली. पण गिऱ्हाईक इंग्रजीत बोलू लागलं, की काका कानावरची पेन्सिल काढून उगाचच माप घेत बसायचे. साठी उलटल्यावर मात्र त्यांनी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. "म्हातारपणी हे काय खूळ!" असं म्हणत बायकोनेच वही आणून दिली.

वर्गाच्या शेवटी बाईंनी फर्मान काढलं. प्रत्येकाने घरच्यांना वर्गात बोलवायचं आणि त्यांच्यासमोर एका इंग्रजी शब्दावर पाच मिनिटं बोलायचं, आपल्या भाषेत बोललं तरी चालेल. काकांच्या वाट्याला 'बोर्ड' आला. शब्दकोशातले सगळे अर्थ त्यांनी वहीत उतरवले आणि आठवडाभर घोकले.

पण प्रत्यक्ष उभं राहिल्यावर त्यांची त त प प झाली. वहीतली ओळच सापडेना. "बाई, मला नाही जमायचं," म्हणून ते निघालेच.

तेवढ्यात मागून बायको ओरडली, "अहो, कागदात बघून कधी कपाट केलंत का तुम्ही?"

काका थबकले. खरंच, फळी हातात आल्याशिवाय त्यांना काही सुचतच नसे. वर्गाच्या भिंतीवरची एक डुगडुगती फळी त्यांच्या डोळ्यांत कधीची सलत होती. तिच्यावरची पुस्तकं उतरवून त्यांनी ती सरळ उचलली. बाई बघतच राहिल्या.

"बोर्ड म्हणजे मुळात ही, फळी." काकांनी ती दोन स्टुलांवर आडवी टाकली. "हे झालं जेवायचं टेबल. जुने इंग्रज त्यालाही बोर्डच म्हणत. मग त्यावरच्या जेवणालाही बोर्ड म्हणू लागले. पोरं राहतात-जेवतात ते बोर्डिंग, तो शब्दही तिथूनच आला. आणि टेबलाभोवती बसून मोठाले निर्णय घेणारे शहाणे, तेही बोर्ड! म्हणजे बाई, सगळे मोठे साहेब शेवटी सुताराच्याच दुकानातून निघाले की!"

वर्ग खो खो हसला. मग काकांनी फळी उभी धरली. ती जहाजाची बाजू झाली आणि सगळे 'ऑन बोर्ड', म्हणजे जहाजावर, चढले. वही केव्हाच बाजूला पडली होती. बाईसुद्धा बाकावर बसून लिहून घेत होत्या.

घरी जाताना बायको म्हणाली, "पाच मिनिटं सांगितली होती. तुम्ही चांगली वीस घेतलीत."

"अगं, चाळीस वर्षं गप्प होतो," काका म्हणाले, "त्या मानाने लवकरच आवरलं."