लंगडं बदक

रंधाकाकांनी घडवलेल्या खुर्चीत बसलेला माणूस लवकर उठत नसे, अशी त्यांची ख्याती. काका सुतार; गल्लीने त्यांना रंधा हे नाव दिलं, कारण रंधा हातात नसला तरी काकांची बोटं दिसेल त्या लाकडावरून फिरत राहायची. पण म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला. समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसू लागला. खुर्च्या बंद झाल्या आणि एकच काम उरलं: मुलगा-सून कामावर गेले की नातीला सांभाळायचं.

आता ही नात म्हणजे काय सांगावं! पायाला भिंगरी बांधूनच जन्मलेली, म्हणून नावच भिंगरी पडलेलं. एकदा ती धुण्याच्या टोपलीत जाऊन बसली आणि काका घरभर हाका मारत फिरले. नेमकी तेव्हाच सून घरी आली.

"बाबा, राग मानू नका, पण तुम्हाला दिसत नाही. सोमवारपासून हिला पाळणाघरात ठेवू."

"अगं, मी काय मेलोय का?" काका उसळले खरे, पण मनातून पार हबकले. नात गेली तर दिवसभर करायचं काय, भिंतींशी गप्पा मारायच्या?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटामागची जुनी फळी काढली. हाताच्या अंदाजाने बदक कोरलं, सरसाने चोच चिकटवली, खाली चाकं लावून दोरी बांधली. डोळे गेले तर गेले, कान शाबूत आहेत ना! आवाज येईल तिथे पोर, इतका साधा हिशेब. पण चाकांची भोकं काही मध्यावर पडली नाहीत. उभ्या जन्मात ज्यांनी खुर्चीचा पाय डुगडुगू दिला नाही, त्यांचं बदक भर खोलीत लंगडत निघालं. टक्-धप, टक्-धप!

मुलगा पोट धरून हसला. "बाबा, हे तर पिऊन आलंय!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. ते चाकं उपटायला गेले, तर भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. तिला ते लंगडणंच आवडलं होतं. मग काय, जेवायला बदक, झोपायला बदक.

रविवारी सुनेने परीक्षाच घेतली. चपला काढून गुपचूप दाराआड उभी राहिली. काका डोळे मिटून खुर्चीत. फरशीवर टक्-धप, चटईवर जरा दबकं, मग कोपऱ्यातल्या लाकडी फळीवर खणखणीत. आणि एकदम शांत. सून पुढे होणार, तोच काका ताडकन उठले.

"कोपऱ्यातल्या फळीवर, सरसाच्या डब्याशी आहे कार्टी! गप्प झाली म्हणजे काहीतरी उद्योग चाललाय!"

खरंच, दोन्ही हात सरसात, बदकाची मानही सरसात. सून पोचेपर्यंत काकांनी नातीला उचललंसुद्धा. सून हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"राहू दे ते पाळणाघर," ती म्हणाली. "चुकलं माझं, बाबा."

पुढे गल्लीतल्या प्रत्येक पोराला तसलंच बदक हवं झालं. काकांनी भोकं मुद्दाम बाजूला पाडून तशीच बदकं केली. दुपारची झोप उडाली म्हणून लोकांनी त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली, पण बदकं नेलीच.

भिंगरी आता नोकरी करते. काकांना उजेड-अंधारही कळेनासा झालाय. संध्याकाळी घरी आली की ती हाक मारत नाही. दारापासून खुर्चीपर्यंत भिंतीवर एकदा बोटाचं पेर आपटते, एकदा तळवा. टक्-धप, टक्-धप.

काका बसल्या जागी दोन्ही हात पुढे करतात. "ये गं बाई. थांबू नकोस मध्येच, मला उठावं लागतं."