सात दिवस कोणाच्या घरी

परदेशातून येणाऱ्या माणसांसाठी सरकारने करोनात जे नियम काढले, ते मी जेवढे वाचले तेवढे आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात दुसऱ्या कुणी वाचले नसतील. मी सातवी शिकलेला. धंदा शेळ्या-बोकडांचा. दोन शेळ्यांपासून सुरुवात केली आणि आता चार बाजार करतो, दारात स्वतःची पिकअप उभी असते. आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही. एकाच माणसाचं एक वाक्य ऐकून घेतलं, माझ्या व्याह्यांचं, आणि ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

मुलीच्या सुपारीचा दिवस होता. लग्नाच्या नोंदणीची गोष्ट निघाली. कोणकोणते कागद लागतात ते मी चौकशी करून आलो होतो, म्हणून सांगायला लागलो. व्याही हिंगोलीच्या सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात. ते भर बैठकीत मला म्हणाले, "ईवाई, नियम-कायद्याचं आमी बघतो. तुमी बोकडाचं बघा." बैठक हसली. मीही हसलो, कारण पोरगी द्यायची होती. पण माझ्यासारखा तापट माणूस हसून गप्प बसला की तो राग बाहेर निघत नाही, आत मुरतो.

लग्न झाल्यावर पोरगी आणि जावई नोकरीसाठी जर्मनीला गेले. नातू तिकडेच झाला. करोनामुळे आम्ही जाऊ शकलो नाही, त्यांना येता आलं नाही. दीड वर्षाचा होईपर्यंत तो आम्ही फोनच्या काचेतच पाहिला. माझी बायको मीठ-मिरच्या घेऊन फोनवरूनच त्याची दृष्ट काढायची आणि पलीकडे तो मिरच्या धरायला हात पुढे करायचा.

मग एका जानेवारीत पोरीचा फोन आला. "आप्पा, पुढच्या महिन्यात येऊन राहिलो. बारा दिवसांची सुट्टी आहे. जावळ काढून घेऊ." जावळ म्हणजे लेकराचे पहिले केस, ते मामाच्या मांडीवर बसवून काढतात. आमचा पोरगा, म्हणजे लेकराचा मामा, त्या दिवसापासून पाटावर मांडी घालून बसायचा सराव करायला लागला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरात वेगळं राहावं लागेल आणि आठव्या दिवशी तपासणी. मी बोटांवर दिवस मोजले. बारातून सात गेले. म्हणजे ज्याच्या घरी ते सात दिवस काढतील त्याच्याकडेच लेकरू राहणार आणि दुसऱ्याच्या वाट्याला जावळाची गर्दी येणार. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. वेगळ्या खोलीत असू दे, अंगणाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला दिसू दे, पण ते माझ्या अंगणात दिसलं पाहिजे.

व्याह्यांच्याही डोक्यात तेच बसलं होतं. त्यांचा फोन आला तो ठरवूनच. "आपल्या हिंगोलीच्या फ्लॅटमध्ये वेगळी खोली आहे, वेगळं बाथरूम आहे. नियमात बसतं. तुमच्या शेतातल्या घरात कसं बसंल?"

मला नियम नीट कळत नव्हता, पण कळत नाही हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. मी सरळ तालुक्याला, सेनगावच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक सिस्टर खिडकीशी बसून रजिस्टर भरत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि सवयीप्रमाणे सुरू झालो.

"ताई, सात दिवस लई होतात. पाच करा."

"दादा, ते माझ्या हातात न्हाई."

"बरं, तुमचं न्हाई अन् माझं न्हाई. सहा करा."

तिनं पेन खाली ठेवला. "तुमी काय धंदा करता?"

"शेळ्यांचा."

"बाजारातून नवी शेळी आणली तर त्याच दिवशी कळपात सोडता?"

"न्हाई. आठ-दहा दिवस वेगळी बांधतो."

"काहून?"

"तिच्या अंगात काही रोग असला तर तेवढ्या दिवसांत दिसतो. न्हाई तर सगळा कळप..."

"मंग त्या शेळीसंगं घासाघीस करता का, की बाई, तुला पाचच दिवस बांधतो?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. इतके दिवस नियमांचा जो कागद मला हवेत लटकलेला वाटत होता तो एकदम माझ्या गोठ्यात येऊन उभा राहिला. पुढचं सगळं मी तिला नीट विचारून घेतलं. विमानात बसण्याआधी तिकडं तपासणी, मोबाईलवर अर्ज, इकडं उतरलेल्या दिवसापासूनचे सात दिवस, पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तपासणी नाही. शेतातलं घर चालंल का, हेही विचारलं. "वेगळी खोली, हवा, पाणी, संडास असला की चालतं," ती म्हणाली. मी तिथूनच, दवाखान्याच्या पायरीवरून, व्याह्यांना फोन लावला.

चार दिवस आमची फोनवर ओढाताण चालली. त्यांना नियम तोंडपाठ होता, पण कशासाठी आहे ते त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. मी त्यांना नव्या शेळीची गोष्ट सांगितली. "माझ्या नातवाला शेळी म्हणता?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी परत केला. शेवटी मी माझा हुकमाचा माल बाहेर काढला. जावळाचा मान सोडून दिला. जावळ हिंगोलीला, जेवण त्यांच्या दारात, पंगतीला त्यांचे सगळे कचेरीवाले. त्याच्या बदल्यात सात दिवस माझ्या शेतात. मान म्हटल्यावर ते हलणार हे मला ठाऊक होतं. ते हलले.

मग मी शेतातल्या दोन खोल्यांना चुना दिला, खिडकीला जाळी लावली, शेळ्यांचा गोठा मागच्या बांधाकडे नेला. बायकोनं नवी गोधडी शिवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सात दिवसांचा नियम असा समजावून सांगायचो, जसा काही तो मीच काढला होता. ज्यांच्या घरचं परदेशात कुणी नव्हतं तेही ऐकून घ्यायचे, कारण मी मध्येच चहा सांगायचो.

आणि पोरीचं तिकीट निघालं तसा नियम बदलला.

सकाळीच व्याह्यांचा फोन. आवाजात दिवाळी. "ईवाई, ऐकलं का? महिन्याच्या मध्यापासून सात दिवस रद्द. आपलं लेकरू त्याच्यानंतर उतरून राहिलं. म्हंजी आता नागपूरच्या विमानतळावरून सरळ हिंगोलीला."

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात त्या दिवशी लोकांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि मी एकटा दात-ओठ खात बसलो होतो. जावळाचा मान देऊन बसलो आणि ज्याच्यासाठी दिला तेच सरकारनं उचलून नेलं. पोराला म्हटलं, तो नवीन कागद मोबाईलवर काढ आणि सगळा वाच, एक ओळ सोडू नको. तो वाचत गेला, मी ऐकत गेलो. शेवटाकडे एक ओळ आली की आल्यावर चौदा दिवस आपल्या तब्येतीवर आपण लक्ष ठेवायचं. मी म्हटलं, थांब. परत वाच.

व्याह्यांना फोन लावला. "ईवाई, सात गेले, पण चौदा आले."

"ते नुसतं लक्ष ठेवायचं आहे. कुठंबी राहून ठेवता येतं."

"कुठंबी म्हंजी गोरेगावात बी ठेवता येतं. अन् जितराबावर लक्ष ठेवण्यात माझं आयुष्य गेलं."

"पण नियमाप्रमाणं..."

"नियमाचं मी बघतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी दुपारी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पोरीला हे सगळं दोन्हीकडून कळत होतं. तिचा निरोप आला, "आप्पा, मामंजी अन् तुमी काय ते ठरवून ठेवा. नागपूरहून येताना आमी कनेरगाव नाक्यावर जेवायला थांबू. तवर ठरलं न्हाई तर गाडी तशीच माघारी फिरवीन." वाशीमकडून आलं की कनेरगाव नाक्यावरून एक रस्ता हिंगोलीला जातो आणि एक आमच्याकडे गोरेगावला. दोघांनाही जागा सोयीची होती.

मी दोन तास आधी गेलो. व्याही माझ्याही आधी येऊन ढाब्यावर बसलेले होते, इस्त्रीचा शर्ट, नाकावर मास्क, समोर चहा. मी समोर बसलो. बराच वेळ दोघांनी सोयाबीनच्या भावावर बोलून काढला. मग गाडी आली. दार उघडून पोरगी उतरली, मागून जावई. लेकरू तिच्या खांद्यावर झोपलेलं, तोंड उघडं, एक मोजा गळालेला. मी आणि व्याही एकदम उठलो आणि एकदम थांबलो, कारण कोण आधी पुढे जाणार हेच ठरलेलं नव्हतं.

"ठरलं का?" पोरीनं विचारलं.

"ठरून राहिलं," मी म्हटलं आणि व्याह्यांना बाजूच्या बाकड्यावर घेऊन बसलो. पोरीसमोर, जावयासमोर मोठ्यानं दिवस मागायची दोघांनाही लाज वाटत होती. मी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं.

"हे काय?" व्याही म्हणाले.

"आमच्या बाजारात असाच सौदा करतात. बोटं धरायची. बाकीच्यांना दिसत न्हाई. एक बोट म्हंजी एक दिवस. बारा दिवसांतले पहिले किती माझ्याकडं, तेवढंच ठरवायचं. तोंडानं बोलायचं न्हाई."

मी त्यांची चार बोटं दाबली. त्यांनी माझं एक बोट धरलं. "एक दिवस?" माझ्या तोंडून निघालं.

"तोंडानं बोलायचं न्हाई म्हटलं तुमी," व्याही म्हणाले.

मी परत चार दाबली. त्यांनी दोन धरली. मी तीन दाबून सोडली, मग पुन्हा चौथं दाबलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण डोळे लकाकत होते. कचेरीत त्यांनी आयुष्यभर लोकांना वरून उत्तरं दिलेली, असा हातात हात घेऊन कुणाशी व्यवहार केला नसावा. ढाबेवाला तव्यावरची भाकरी सोडून बघत उभा होता. पोरीनं जावयाला कोपरानं ढोसलं, "बघा, हात धरून बसले."

आणि व्याह्यांनी एकदम माझा अख्खा पंजा धरला. पाचही बोटं. घट्ट.

मला वाटलं, ते चुकले. मी चार मागितले आणि त्यांनी पाच दिले. आमच्या धंद्यात एकदा धरलेला हात मागे घेता येत नाही. मी उपरणं ओढून टाकलं आणि उठून उभा राहिलो. "पाच दिवस गोरेगावला. सौदा झाला."

"झाला," व्याही शांतपणे म्हणाले. "माझी बॅग माझ्या गाडीत आहे. पाच दिवस मी बी तुमच्याकडं येऊन राहतो. पुढचे सात तुमी अन् विहीणबाई हिंगोलीला या. लक्ष ठेवायचं काम एकट्याचं न्हाई."

मी चिडायला तोंड उघडलं. ज्याची बॅग आधीच भरलेली होती त्याच्याशी मी अर्धा तास बोटं दाबत बसलो होतो. पण पोरगी इतकी हसत होती की खांद्यावरचं लेकरू जागं झालं. त्यानं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि दोन म्हातारे एकदम जवळ आलेले बघून भोकाड पसरलं.

पाच दिवस व्याही आमच्या शेतात राहिले. रोज सकाळी ते सगळ्यांचा ताप मोजून वहीत लिहायचे, शेवटी माझा. पहिले दोन दिवस लेकरू कुणाकडेच येईना, तिसऱ्या दिवशी ते करडांच्या मागं धावायला लागलं आणि त्याच्या मागं आम्ही दोघं. सुपारीतल्या त्या वाक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. राग आहे, गेलेला नाही.

सहाव्या दिवशी हिंगोलीला गेलो. जावळाच्या दिवशी लेकरू मामाच्या मांडीवर एवढं रडलं की न्हाव्यानं तीनदा वस्तरा खाली ठेवला. पंगतीला व्याह्यांचे कचेरीवाले आले. एकानं मला विचारलं की त्याचा भाचा दुबईहून येणार आहे, आता काय काय लागतं. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते वाढत होते, हातात बुंदीचं ताट.

"त्यांनाच विचारा," व्याही म्हणाले, "ते सांगतील," आणि पुढच्या पानाकडे वळले. मी हात धुवून त्या माणसाजवळ जाऊन बसलो आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.