फळीवरची मोकळी जागा

कॉम्प्युटरच्या दुकानात फळीवर ग्राफिक्स कार्डांच्या खोक्यांच्या दोन चळती शेजारी शेजारी असायच्या, एक निळी आणि एक केशरी. आज केशरी चळत नव्हती. तिच्या जागी धूळ न बसलेला चौकोन तेवढा उरला होता.

“ती कंपनी तुमच्या निळ्यावाल्यांनी विकत घेतली,” दुकानदार म्हणाला. “आता एकच माल.”

मला आनंद व्हायला हवा होता. कॉलेजपासून मी निळा आणि माझा रूममेट विनायक केशरी. पुढे शहरं बदलली, संसार झाले, पण बाजारात नवं कार्ड आलं की त्याचा फोन ठरलेला. “तुझं तापतं लेका, कबूल कर.” मी कधी कबूल केलं नाही. त्या भांडणाखेरीज आम्हाला एकमेकांशी बोलायला काहीच उरलेलं नाही, हे त्या चौकोनाकडे बघताना जाणवलं. दुसरं घेता येत असताना आपलं घ्यावं, ती निष्ठा. आता नुसतीच खरेदी.

कार्ड न घेताच बाहेर आलो आणि विनायकला फोन लावला.

“जिंकलास बाबा,” तो म्हणाला.

“तुझं अजून तापतं का रे?” मग त्यानं विचारलं, आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

“तापतं,” मी म्हणालो. ते कधीच तापलं नव्हतं.