कर्णिकबाईंची चावी

लखनौच्या गर्दीत स्वतः गाडी चालवायची हौस फार थोड्यांना असते. कर्णिकबाईंना ती आहे, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. इंदिरा नगरातल्या घरापासून सरोजिनी नगरच्या कारखान्यापर्यंत त्या रोज स्वतः गाडी चालवत यायच्या. ई-रिक्षा आडवी घुसली की काच खाली करून म्हणायच्या, "पहले आप ही निकलिए, भैया!" एचआरच्या प्रमुख म्हणून त्यांना कंपनीचा ड्रायव्हर मिळत होता, पण तो त्यांनी कधी घेतला नाही. साताऱ्याच्या बाई, हट्टी असणारच, असं म्हणून आम्ही विषय सोडून द्यायचो.

मोठे साहेब नोकरी सोडून निघाले की त्यांना काय द्यायचं, हे बाई ठरवायच्या आणि सढळ हातानं द्यायच्या. वर्षाचा पगार, कुटुंबाचा विमा, वापरातली गाडीसुद्धा. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो, मला ते खुपायचं.

"अरे, लेकीची पाठवणी करताना हात आखडता घेतो का आपण?" त्या म्हणायच्या. "रागानं गेलेला माणूस गावभर कंपनीची अब्रू काढतो."

विक्री विभागाचे सक्सेनासाहेब निघाले, तेव्हा गाडीसकट सगळं ठरलं होतं. साहेबांनी सहीसाठी पेन काढलं आणि बाईंनी कागदावर हात ठेवला.

"और रफीक का क्या?"

रफीक साहेबांचा ड्रायव्हर, ठेकेदाराचा माणूस. आमच्याकडे रीतच होती, साहेब गेले की त्यांच्या ड्रायव्हरचीही नोकरी जायची, आणि तो रिकाम्या हातानं घरी जायचा.

"मॅडम, वो कंपनी देखे," साहेब म्हणाले.

"तो गाड़ी भी कंपनी ही रख लेगी."

साहेबांनी तिथूनच एमडींना फोन लावून बाईंच्या हातात दिला. बाईंचा आवाज जराही चढला नाही. "सर, देना सिर्फ ऊपरवालों को है, तो मेरी कुर्सी पर किसी और को बिठाइए." संध्याकाळपर्यंत रफीक डिस्पॅचमध्ये कायम झाला होता. त्या दिवसापासून मी बाईंचा भक्त झालो.

गेल्या वर्षी नव्या मालकांनी बाईंनाच निरोप दिला. त्यांचा कागद मी केला, अगदी घसघशीत. "बाई, तुमचं काम सोपं गेलं," मी म्हणालो, "ड्रायव्हरचा प्रश्नच नव्हता."

त्या हसल्या. "या खुर्चीत बसले तेव्हाच ठरवलं होतं रे. आपण कधीतरी जाणारच. आपल्याबरोबर दुसऱ्याची चूल कशाला विझवायची?"

मी त्यांची बॅग उचलली. खाली गाडीपाशी रफीक उभा होता.

"मॅडम, आज चाबी हमें दीजिए."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नौकरी पक्की है ना?"

"जी. आप ही ने करवाई थी."

बाईंनी चावी त्याच्या हातावर ठेवली आणि पहिल्यांदाच मागच्या सीटवर जाऊन बसल्या.