बटाट्यांच्या मधली खेळपट्टी

ॲग्नेस पिनॉकने आयुष्यात कधी बॅट हातात धरली नाही. थॉर्नकोटच्या क्रिकेट क्लबात बायकांचं काम चहाचं. पाव कापायचे, किटली उकळत ठेवायची आणि पाहुण्या संघाच्या बशा आधी भरायच्या. ॲग्नेसनेही लग्नानंतर बरीच वर्षं तेच केलं. मैदान राखायचा तो तिचा नवरा वॉल्टर. लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने गेला. वसंतात गवत वाढलं, कापायला कुणी आलं नाही, तेव्हा एका सकाळी ॲग्नेसच यंत्र ढकलत बाहेर पडली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नाही.

मग लढाई आली. पोरं सैन्यात गेली, अन्नाची टंचाई झाली, आणि जिल्ह्याच्या शेतकी कमिटीचा हुकूम निघाला की मैदान नांगरून तिथे बटाटे लावावेत. नांगर शेजारच्या सिलास गॅबिटचा, आणि पीकही त्याचंच. तो घोडे घेऊन आत वळला तेव्हा ॲग्नेस मैदानाच्या मधोमध, खेळपट्ट्यांच्या चौकोनावर, खुर्ची टाकून मोजा विणत बसली होती.

"ॲग्नेस, बाजूला हो. सरकारी हुकूम आहे."

"मग नांगर की. मी कुठे नको म्हणते? एवढा चौकोन सोड."

"एवढ्यात चांगली चार पोती निघतील!"

"तुझ्या कुंपणाशी काटेरी झुडपं माजलीत, त्यांच्याखाली आठ निघतील. ती आधी काढ."

गॅबिट तासभर थांबला. मोजा संपला तेव्हा ॲग्नेसने दुसऱ्या पायाचा विणायला घेतला. ते पाहून त्याने घोडे वळवले आणि चौकोनाला वळसा घालून नांगर धरला. पुढच्या वर्षी तोफांसाठी लोखंड गोळा करणारे आले, तेव्हा ती लोखंडी रोलरवर बसून वाटाणे सोलत राहिली. ठाण मांडून बसण्यात तिचा हात धरणारा आमच्या गावात दुसरा कुणी नव्हता.

सहा वर्षं बटाट्यांच्या काळ्या वाफ्यांमध्ये तो हिरवा तुकडा राहिला, एखाद्या विटक्या कोटाला नवं ठिगळ लावावं तसा. दर वसंतात ॲग्नेस आणि चहावाल्या दोघी रोलर ओढत. उन्हाळ्यात ती गुडघे टेकून सुरीने रानगवताची मुळं काढी. "कुणासाठी करतेस गं हे?" असं कुणी विचारलं, तर म्हणे, "जे परत येतील त्यांच्यासाठी."

काही परत आले. चौघांची नावं चर्चच्या भिंतीवर कोरली गेली.

१९४६च्या मार्चमध्ये पबच्या मागच्या खोलीत क्लबाची सभा भरली. अध्यक्ष मेजर हॅथरली. मनाने वाईट माणूस नव्हता, पण थकला होता. चर्चच्या भिंतीवरच्या चौघांना त्यानेच लहानपणी चेंडू टाकायला शिकवलं होतं. तो म्हणाला, "बटाट्यांचा हुकूम यंदाही कायम आहे. आपल्याकडे धड अकरा माणसं नाहीत, मैदान नाही. बकलहर्स्टचं मैदान शाबूत आहे. आपण त्यांच्या क्लबात सामील व्हावं, असं माझं मत. आपल्या बॅटी, पॅड सगळं तिकडे जाईल."

ॲग्नेस ग्लास गोळा करायला आली होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"जूनमध्ये व्हिटसनच्या सणाच्या सोमवारी बकलहर्स्टवाले आपल्याकडे खेळायला येतात, मेजरसाहेब. माझ्या आजेसासऱ्यांपासूनची रीत आहे."

"मिसेस पिनॉक, खेळायचं कुठे? बटाट्यात?"

"चौकोनावर."

"त्याला मैदान म्हणतात का?"

"सहा वर्षं मी त्याला काय म्हणत आले असेन, असं वाटतं तुम्हाला?"

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. मेजरने पाइप टेबलावर आपटून राख झाडली. "ठीक आहे. ते इथे यायला तयार झाले आणि सामना शेवटच्या चेंडूपर्यंत पुरा झाला, तर मी माझा ठराव मागे घेतो. अर्धवट सुटला तर मात्र मंगळवारी सामान बकलहर्स्टला."

दुसऱ्या दिवशी ॲग्नेस सायकलवर टांग मारून बकलहर्स्टला गेली. तिथला कर्णधार रूबेन ट्रेंच हा गावचा खाटीक, आणि आसपासच्या गावांतला सगळ्यात वेगवान गोलंदाज. दुकानात रेशनच्या मटणासाठी बायकांची रांग होती. ॲग्नेस रांगेत मागे उभी राहिली आणि तिथूनच बोलू लागली.

"सीमारेषा कुठे?" रूबेनने सुरा न थांबवता विचारलं.

"चौकोन संपला की."

"म्हणजे मी नुसता शिंकलो तरी चौकार!"

"नाही. चेंडू सरपटत बटाट्यात गेला तर दोन धावा. उडून गेला तर फलंदाज बाद."

"बाद? ही काय गल्लीतली पोरं आहेत?"

"पोरं मिळेल तेवढ्या जागेत खेळतात. तू मोठा झालास म्हणून तुला जमत नाही का?"

रांग खिदळली. रूबेनचे कान लाल झाले. "आणि मी पळत येऊन टाकायचं कुठून?"

"तीन पावलं मिळतील."

"तीन पावलांत मला शिंकसुद्धा येत नाही, बाई!"

"मग हळू टाक. नाहीतर येऊ नकोस. मी जाऊन सांगते, रूबेन ट्रेंच बटाट्यांना घाबरला."

"जा रे रूबेन, जा!" रांगेतली एक म्हातारी ओरडली. "तुझा बाप चिखलात खेळायचा!"

रूबेनने सुरा लाकडात रोवला आणि येतो म्हणाला.

गॅबिटची अट वेगळी होती. त्याच्या ओळींत कुणाचा बूट पडता कामा नये. चेंडू आत गेला तर तो एकट्या ॲग्नेसने आणायचा, कारण ओळींमधून चालायचं कसं हे तिला ठाऊक. "एक रोप मोडलं, की खेळ बंद," तो म्हणाला. ॲग्नेसने हातावर हात मारला.

सोमवारी दोन्ही गावं बांधावर जमली. बटाट्यांची रोपं गुडघ्याएवढी हिरवीगार झाली होती. त्यांच्या मधोमध पांढऱ्या कपड्यांतली माणसं अशी दाटीवाटीने उभी होती, की झेल घेताना एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत जाई. थॉर्नकोटकडे दहाच माणसं जमली, म्हणून साठी उलटलेला मेजर स्वतः अकरावा झाला. मोठे फटके मारायची सवय असलेले फलंदाज एकामागून एक बटाट्यांत बाद होऊ लागले. ॲग्नेस झगा गुडघ्याशी खोचून, पाऊल पाऊल सांभाळत ओळींत शिरायची, चेंडू शोधून आणायची, आणि पंचाच्या हातात देताना फलंदाजांना न चुकता म्हणायची, "खाली ठेवा, खाली. चेंडूला पंख नाहीत."

बकलहर्स्टच्या बावन्न धावा झाल्या. थॉर्नकोट पन्नासवर पोचलं तेव्हा नऊ गडी बाद झाले होते. नववा गडी लेनर्ड. तो ब्रह्मदेशातल्या लढाईवरून नुकताच परतला होता. त्याला एक चेंडू असा मनाजोगा मिळाला, की सगळं विसरून त्याने तो लांब उडवला. बाद तर झालाच, पण चेंडूही गेला कुठे ते कळेना.

लढाईनंतर चेंडू मिळणं सोपं नव्हतं. दोन्ही क्लबांत मिळून खेळण्यालायक असा तो एकच होता.

ॲग्नेसने एक ओळ पाहिली, दुसरी पाहिली. काठीने पानं बाजूला केली. मग गुडघ्यांवर बसून रांगू लागली. ऊन कलायला लागलं. बांधावरचे लोक आधी ओरडून सांगत होते, "डावीकडे! अजून डावीकडे!" मग तेही खाली बसले.

"मिसेस पिनॉक," रूबेन शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ होता, "बरोबरीत सोडू या. मजा आली, शपथेवर सांगतो."

शेवटचा फलंदाज म्हणून आलेला मेजर बॅटवर टेकून उभा होता. त्याने पॅडचा वरचा पट्टा सैल केला.

ॲग्नेसने ते पाहिलं. "पट्टा आवळा, मेजरसाहेब," ती रोपांमधून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. "कुणीही जागचं हलायचं नाही. अंधार पडला तर कंदील आणा."

ती पुढच्या ओळीत शिरली. तेव्हा बांधावर हाताची घडी घालून उभा असलेला गॅबिट काहीतरी पुटपुटत खाली उतरला. तो तिच्यापासून बराच लांब गेला, लेनर्डचा फटका जिथे पडला असं त्याला वाटलं होतं तिथे. त्याने वाकून पाहिलं, सरीच्या भुसभुशीत मातीत हात घातला, आणि एक आख्खं रोप मुळासकट उपटून काढलं. खाली चिंचोक्याएवढे बटाटे होते, आणि त्यांच्या शेजारी चेंडू मातीत रुतून बसला होता.

"सिलास!" ॲग्नेस ओरडली. "रोप मोडलंस!"

"माझं आहे. मी मोडीन नाहीतर खाईन. घे तुझा चेंडू, आणि संपवा एकदाचं."

बांधावर असा गलका झाला की गाड्यांना जुंपलेले घोडे बुजले.

जिंकायला तीन धावा हव्या होत्या. रूबेनने तीन पावलं घेतली. मेजरने पहिला चेंडू नुसता अडवला. दुसरा त्याने हलक्या हाताने ढकलला, तो दोघा क्षेत्ररक्षकांच्या पायांमधून सरपटत बटाट्यांत गेला. दोन धावा, बरोबरी. तिसरा चेंडू आखूड पडला. एवढा सोपा चेंडू मेजरला तरुणपणी मिळता, तर त्याने तो चर्चच्या घंटेपर्यंत पोचवला असता. तरुणपण त्याला नेमकं त्याच क्षणी आठवलं. चेंडू रूबेनच्या डोक्यावरून उंच गेला आणि गॅबिटच्या ओळींत पडला.

मेजर बाद, आणि सामना बरोबरीत सुटला.

बांधावर कुणी टोप्या फेकल्या, कुणी मेजरला वाट्टेल ते बोललं. ॲग्नेस जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खेळ शेवटच्या चेंडूपर्यंत झाला होता.

मैदानाच्या कडेला चहाच्या खोलीत टेबलावर बीट घातलेले पाव आणि गाजराचा केक होता. मेजर उठला. "माझा ठराव—" त्याने सुरुवात केली.

"एक मिनिट, मेजर," रूबेन तोंडात घास असताना म्हणाला. "तुम्ही ठराव ठेवा नाहीतर फाडा, आम्ही काही तुम्हाला घेणार नाही. तुम्ही आमच्यात आलात तर आम्ही हरवायचं कुणाला? आज राहिलेली ती एक धाव मला घ्यायचीय."

"ठराव मागे घेतला," मेजर म्हणाला. तो खाली बसला आणि त्याने केकची बशी पुढे ओढली. "रूबेन, येत्या शनिवारी येता?"

"येतो की!"

"येत नाही," ॲग्नेस म्हणाली. ती खिडकीशी उभी राहून चौकोनाकडे पाहत होती. गोलंदाजांच्या टाचांनी दोन्ही टोकांना खड्डे पडले होते. "ते खड्डे मातीने भरायला हवेत, बी टाकायला हवं, पाणी हवं. जुलैच्या आधी तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. आणि मेजरसाहेब, केक संपला की कोट काढा. रोलर ओढायला मला चौथं माणूस लागतं."